आपोआप मरणारे मासे

माझ्या हाताला मारायची सवय लहानपणापासूनची. मोटर सुरू झाली नाही की मी आधी तिला लाथ घालतो आणि मग फ्यूज बघतो. बायको म्हणते, तुमचं डोकं डोक्यात न्हाई, मुठीत हाय. ते काही खोटं नाही. त्यामुळं आमच्या तळ्यावर माशांवरून जे झालं त्यात गावानं मला कसाई ठरवलं आणि दादाला संत, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मला मात्र त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर अजून येतो.

पिंगळी स्टेशनच्या पलीकडं आम्हा दोघा भावांची सामाईक जमीन आहे. वरच्या अंगाला शेततळं, चारी बाजूंनी उतार आणि उतारावर काळी पन्नी अंथरलेली. ही पन्नी वाळलेली असताना साधी दिसते. ओली झाली की तिच्यावर मांजरसुद्धा उभं राहू शकत नाही. म्हणून काठानं दोर बांधलेला असतो, कुणी घसरलं तर धरायला. तळं खोदलं ते हळदीला पाणी पुरावं म्हणून. त्यात मासे सोडायचं खूळ माझं.

हे खूळ मी येलदरीहून आणलं. लग्नाआधी दोन वर्षं मी तिथं धरणावर कामाला होतो. पाण्यावर तरंगते पिंजरे, म्हणजे जाळ्यांच्या मोठाल्या खोल्याच, आणि एकेका खोलीत हजारो मासे. खायला टाकायचं, जाळी धुवायची, मेलेले वेचायचे आणि माल निघाला की क्रेट भरायचे. क्रेटमध्ये मासे जिवंतच जायचे. वर बर्फ, बर्फावर पुन्हा मासे. खालच्या थरातले कितीतरी वेळ हलत राहायचे. त्यांच्याकडं कुणी बघत नसे. आमच्यातला एक जण म्हणायचा, "वरडत न्हाई, मंग दुखतं कशावरून?" आणि बाकीचे माना डोलवायचे. मीही डोलवायचो.

तिथं एक म्हातारा भोई होता. पिढ्यान्पिढ्या पूर्णेत जाळं टाकणाऱ्यांतला. एकदा मी एक मोठा मासा फळीवर टाकला आणि बिडी पेटवायला वळलो. मासा फळीवर आपटत होता. म्हाताऱ्यानं माझ्या मुस्काटात अशी ठेवून दिली की बिडी पाण्यात गेली. कमरेचं दांडकं काढलं, हातभर लांबीचं, बाभळीचं, आणि माशाच्या दोन डोळ्यांच्या जरा वर एकच दणका घातला. मासा थरथरला आणि गप झाला. म्हातारा म्हणाला, "पाण्यातून काढला तवाच त्येची जिम्मेदारी तुज्यावर आली. बिडी मागून वड. आन् तडफडून मेलेला मासा लवकर नासतो, ते येगळंच."

दया कुठली आणि धंदा कुठला, हे त्याच्या बोलण्यातून निवडून काढता येत नसे. मला तो माणूस आवडला. दोन वर्षांत त्यानं मला ती जागा शिकवली. दणका पुढं बसला तर नाकाड फुटतं आणि मासा जिवंत राहतो, मागं बसला तर मांस फुटतं आणि मासा जिवंतच राहतो. नेम बसेपर्यंत मी किती मासे नासवले, कितींचे डोळे फोडले, ते सांगायला नको. निघताना म्हाताऱ्यानं मला एक दांडकं दिलं. ते अजून माझ्याकडं आहे.

आता दादा. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गळ्यात तुळशीची माळ. त्यानं विशीत घातली आणि तेव्हापासून आमच्या चुलीवर अंडंसुद्धा चढलं नाही. स्वभावानं इतका मऊ की सापाला वाट देऊन वर त्याची माफी मागेल. मी माशांचं काढलं तेव्हा मला वाटलं, हा आता घर डोक्यावर घेणार. तसं काही झालं नाही. दोन दिवस विचार करून तो म्हणाला, "पाळण्यात पाप न्हाई. पर माजी एक अट हाय. आपल्या जमिनीवर रगत सांडायचं न्हाई. हातानं मारायचं न्हाई."

"मग विकायचे कसे?"

"काठावर ठेव. आपोआप मरत्यात."

आपोआप. हा शब्द मी त्या दिवशी नुसता ऐकून घेतला. तळं मिळतंय या आनंदात होतो.

आम्ही कटला आणि रोहू सोडले. मला वाटलं होतं त्याहून जास्त जीव दादानं त्यांना लावला. सकाळी उठून काठावर जाऊन बसायचा. खाद्य टाकायचा, वर वहिनीकडून मळून आणलेल्या कणकेच्या गोळ्या टाकायचा. माशाला कणीक घालणं पुण्याचं, हे आमच्याकडं पोराटोरालाही ठाऊक. ढगाळ दिवशी पहाटे मासे पाण्याच्या वर तोंडं काढायचे आणि उघडझाप करायचे. दादा हात जोडायचा. म्हणायचा, "बग, नाव घ्यायलेत."

मी त्याला सांगितलं, "नाव न्हाई घेत दादा, दम लागलाय त्यांना. पाण्यातली हवा संपली की वर येतात." त्यासाठी तर मी पाणी घुसळायचं यंत्र बसवलं होतं. दादा हसला. येलदरीला दोन वर्षं राहून आलेल्या भावाची अक्कल किती, हे त्याला माहीत होतं.

पहिला माल निघाला तेव्हा आम्ही जाळं ओढून मासे ताडपत्रीवर टाकले आणि अटीप्रमाणे बाजूला झालो. दादा पाठ करून बसला आणि जप करू लागला. मी पाठ केली नाही. ताडपत्रीवर मासे आपटण्याचा आवाज आधी मोठा असतो, एखाद्या मंडपात टाळ्या वाजाव्यात तसा. पाच मिनिटांनी तो विरळ होतो. मग माणसाला वाटतं, संपलं. संपत नाही. मासा निपचित पडतो, पण कल्ले उघडतात, मिटतात, उघडतात. अंगावरचा ओलावा सुकत जातो, डोळ्यावर धूळ बसते आणि त्याला पापणी नसते. मोठा कटला तासभर टिकतो. तासाभरानंतर मी एकाला उचललं तेव्हा त्यानं माझ्या हातात शेपटी हाणली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्याला म्हणायचं अहिंसा?" मी ओरडलो.

दादा न वळता म्हणाला, "ते त्याच्या मरणानं मरायलंय. तू मारलं तर तुज्या हातानं मरंल. फरक हाय."

"त्याला इचार फरक!"

दादानं जप चालू ठेवला. मला तेव्हा वाटलं, ह्या माणसाला माशाची दया नाही, ह्याला स्वतःच्या हाताची काळजी आहे. तसं मी त्याच्या तोंडावर म्हणालोसुद्धा.

पुढच्या खेपेला मी पळवाट काढली. तळ्यालगतच्या आमच्या बांधापलीकडं शेजाऱ्याचं पडीक आहे. अट आमच्या जमिनीची होती, शेजाऱ्याच्या नव्हती. मी टोपलीत मासे घेऊन बांध ओलांडायचो, दगडावर ठेवून एकेक दणका घालायचो आणि परत आणायचो. धुऊनबिऊन. व्यापारी खूश, मासे गप, मीही जरा शांत. एकदा मात्र टोपलीतून रक्त ठिबकत बांधावर आलं आणि दादानं ते पाहिलं. त्यानं अख्खा बांध घागरी घालून धुतला, गोमूत्र शिंपडलं आणि संध्याकाळी वहिनीच्या समोर मला म्हणाला, "पुन्यांदा हे दिसलं तर वाटणी. तळं माज्या वाट्याला येतंय. मी बुजवून टाकीन."

दादा आयुष्यात दोनदा रागावला असेल; त्याचा राग म्हणजे शब्द हळू होत जायचे. मला कळलं की हा बोलला ते करणार. दांडकं मी मोटरीच्या खोलीत टांगलं. मग मासे आपोआप मरत राहिले आणि मी त्या तासाभरासाठी रस्त्यावर जाऊन उभा राहू लागलो. इतका शूर मी.

त्या वर्षी गावात सप्ताह झाला. शेवटच्या दिवशी जेवणं झाली आणि भात, बुंदी फार उरलं. प्रसाद उकिरड्यावर टाकायचा नसतो, जनावरांना घालून झाला तरी उरलाच. दादाला सुचलं. त्यानं आणि भजनातल्या चौघांनी बैलगाडीत पातेली घातली आणि दिवस मावळताना सगळा भात तळ्यात ओतला. मी परभणीला गेलो होतो. परत आलो तेव्हा मला कुणी काही बोललं नाही, कारण ह्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तीन दिवसांपासून आभाळ भरून होतं, वारा पडलेला, आणि लाईट आदल्या दुपारपासून गेलेली. म्हणजे घुसळायचं यंत्र बंद. काळजीनं मी दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच तळ्यावर गेलो. लांबूनच आंबलेला वास आला. पाण्यावर फेस होता, फेसात भाताची शितं; आंबणारा भात पाण्यातली हवा खाऊन टाकतो. आणि या काठापासून त्या काठापर्यंत नुसती तोंडं. वितीवर एक तोंड, उघडं, गोल. कितीतरी मासे पांढरं पोट वर करून एका कुशीवर फिरत होते. हजारो तोंडांचा मिळून चुक् चुक् असा एकच आवाज येत होता.

काठावर दादा बसला होता. मांडीवर डबा. तो कणकेच्या गोळ्या टाकत होता.

मला बघून त्याचा चेहरा फुलला. "कालचा परसाद लय आवडला बग त्यांना," तो म्हणाला. "आजूक मागायलेत. कवाचा घालायलोय."

मी मोटरीच्या खोलीत विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं हँडल आणायला गेलो होतो की दांडकं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा हातात दांडकं होतं. मी डब्याला लाथ घातली. तो उठून काहीतरी म्हणत होता, "आरं, खायलेत त्ये..." आणि मी दांडकं उचललं. त्या क्षणी मला दादाच्या कपाळावरची ती जागा दिसली. दोन डोळ्यांच्या जरा वर. हात सवयीनं तिकडंच निघाला होता. कसा वळला, मला माहीत नाही. दणका उजव्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादा मागं गेला, पन्नीवर पाय पडला आणि तो बसल्या बसल्या घसरत पाण्यात गेला.

त्याला पोहता येतं, पण एका हातानं नाही. दोर त्याच्या डोक्याजवळ होता. त्यानं उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचललाच गेला नाही. डाव्यानं पकडायला वळला तेव्हा तोंडात पाणी गेलं. एकदा खाली जाऊन वर आला. त्याच्या भोवती सगळी ती तोंडं. मासे बाजूला होत नव्हते, त्यांच्यात तेवढी ताकदच नव्हती. ते त्याच्या गालावर, मानेवर आपटत होते. तो दुसऱ्यांदा खाली गेला. मी कुंपणाच्या खांबाला पाय अडकवून पालथा झालो आणि हातात आलं ते धरलं. सदऱ्याची गळपट्टी आणि माळ, दोन्ही मुठीत आली. माळ तुटली असती तर कदाचित सगळंच वेगळं झालं असतं. तुटली नाही. मी त्याला ओढून काढला.

बांधावर तो पालथा पडून ओकला. पाणी आणि भाताची शितं. मग उताणा झाला आणि नुसता श्वास घेत राहिला. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं, आवाज नाही. मी त्याच्याकडं बघितलं आणि तळ्याकडं बघितलं आणि मला इतकी भीती वाटली की रडूच फुटलं. मी भावाला मारून टाकलं असतं. सहज. एका दणक्यात.

"इंजिन," दादा म्हणाला. पहिला शब्द तोच. "इंजिन लाव. हवा दे त्यांना."

मी धावत जाऊन डिझेल इंजिन लावलं आणि विहिरीचं पाणी पाइपानं उंचावरून तळ्यात सोडलं. ज्यांच्यात थोडी धुगधुगी होती ते मासे त्या धारेखाली गोळा झाले. उरलेले सगळीकडं तरंगत होते, कल्ले चालू, बाकी काही नाही. ते वाचणार नव्हते. मी जाळ्यानं ते काठाला आणले आणि ताडपत्रीवर ओढले. दुसरीकडं ठेवायला जागाच नव्हती.

दादा उठून बसला होता. या वेळी त्यानं पाठ केली नाही. बराच वेळ त्यांच्याकडं बघून त्यानं विचारलं, "किती टाइम लागंल यांना?"

"घंटाभर. मोठ्यायला जास्तच."

"पाण्यात मला किती टाइम झाला आसंल?"

"एक मिनिट. लय तर दोन."

डाव्या हातानं, एकेका बाजूनं सरकवत, त्यानं गळ्यातली माळ डोक्यावरून काढली. इतक्या वर्षांत मी त्याचा गळा मोकळा पाहिला नव्हता. तिथं कातडी पांढरी होती, वळ असल्यासारखी. माळ त्यानं माझ्यापुढं धरली.

"धर. खाली ठेवू नको. झाडाला टांगू नको. दोनी हातांत धर."

"दादा, मी मारतो की. मला जमतं."

"तुला जमतं म्हनून तर," तो म्हणाला. "भात म्या घातलाय. दांडकं दे."

मी सदऱ्याला हात पुसले, तरी ते बुळबुळीतच होते. दोन्ही तळव्यांवर माळ घेऊन उभा राहिलो. दादानं पहिला कटला समोर ओढला आणि दांडकं उचललं. उजवा हात छातीच्या वर गेला नाही. दणका कसाबसा पडला आणि घसरला. माशाचा डोळा फुटला. मासा उसळला.

"डोळ्याच्या वर, दादा. अजून जोरात."

"माफ कर," तो माशाला म्हणाला आणि पुन्हा मारलं. मग डाव्या हातात दांडकं घेऊन बघितलं. डाव्याला नेम नव्हता. पुन्हा उजव्यात घेतलं. प्रत्येक वेळी हात उचलताना त्याच्या तोंडून कण्हणं निघायचं. एकेका माशाला तीन दणके, चार दणके. कुणाचं नाकाड फुटलं, कुणाचा कल्ला फाटला. रक्त ताडपत्रीवरून उतरून बांधावर आलं, जो बांध त्यानं घागरी घालून धुतला होता. मी ओरडून सांगत होतो, इथं नाही, जरा मागं, हात आखडू नको. आणि हात का आखडतोय हे मला चांगलं माहीत होतं. एका दणक्यात जो मासा सुटला असता, त्याला चार बसत होते ते माझ्या एका दणक्यापायी. मी दुसऱ्या कुणाला शिव्या देऊ शकत नव्हतो. माझे दोन्ही हात भरलेले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं काही करता येत नव्हतं.

दादा थांबला नाही. शेवटचा मासा गप झाल्यावर त्यानं दांडकं विहिरीवर नेऊन धुतलं. वहिनीनं खांद्याचं विचारलं तेव्हा म्हणाला, पन्नीवरून पाय घसरला. डॉक्टरलाही तेच सांगितलं. माळ त्यानं माझ्या हातातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवली. माळ देनाऱ्या बुवांना इचारून घालीन, म्हणाला. अजून विचारलेलं नाही. गावातले लोक त्याच्या मोकळ्या गळ्याकडं बघतात आणि माझ्याकडं बघतात, आणि त्यांना जे समजायचं ते समजतात.

वाटणीचं पुन्हा निघालं नाही. निम्म्याहून जास्त तळं मेलं होतं. पुढच्या वर्षी आम्ही कमी बोटुकली सोडली, म्हणजे कमी पिल्लं, आणि इंजिन कायमचं तळ्यावर आणून ठेवलं. पहाटे मासे वर आले की दादाच पहिला उठून इंजिनाला हँडल मारतो, डाव्या हातानं. कणीक बंद.

त्याचं हाड वाकडं जुळलं. उजवा हात कानाच्या वर जात नाही, त्यामुळं दांडकं मीच धरतो. माल निघाला की दादा माझ्या समोर उकिडवा बसतो. एकेक मासा ओल्या पोत्यात घेतो, दोन्ही हातांनी त्याचं डोकं दगडावर दाबून धरतो, डोळे पोत्यानं झाकतो आणि मान हलवून मला सांगतो, हां. त्याची बोटं आणि माझा दणका यांत दोन बोटांचं अंतर असतं. मी त्याला कितीदा सांगितलं, हात जरा मागं घे. त्यानं कधीच घेतला नाही.